जितका गेला, तितका

कडी पाच रुपयांच्या नाण्याहून लहान.
अशोक चौकातल्या भाड्याच्या खोलीत, भिंगाखाली,
केसाएवढ्या तांब्याचे सहाशे वेढे मी तिच्यावर घातलेत.
एकदा तीनशे चाळिसाव्या वेढ्याला फोन वाजला,
मोजणी चुकली, सगळे उलगडले.

मोठी केली असती तर सोपं होतं.
पण इराबत्ती शेठच्या स्विचपेटीत
आधीच तीन पिढ्यांच्या तारा, कापसाचा भुगा,
आणि कॅलेंडरातून कापलेला बालाजी.
बालाजी हलणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं.
उरली बोटभर जागा.

कडीतून दोन तारा जातात,
करंट नेणारी आणि परत आणणारी.
दोघींत सारखंच वाहिलं
तर कडीला काहीच कळत नाही,
एकीचं चुंबकत्व दुसरी पुसून टाकते.
परत येताना थोडं जरी कमी आलं
तर ते वाटेत कुठंतरी उतरलं:
सोललेल्या रबरातून, ओल्या भिंतीतून,
किंवा एखाद्या माणसातून.

हे मला कॉलेजात शिकवलं, पण कळलं होतं आधीच.
अम्मा तेंदूची पानं वजन करून आणायची,
विड्या मोजून द्यायची.
तपासनीस तिच्या बोटांकडे बघायचा नाही,
वहीतले दोन आकडे बघायचा.
"एवढी गेली, एवढी आली. बाकीची?"
पानं फाटकी निघाली, पोरगी आजारी होती,
यातलं काही वहीत बसायचं नाही.
बाकीची अम्माच्या मजुरीतून जायची.

त्याच प्रश्नावर मी धंदा मांडलाय.

मे महिन्यात शून्य सरकतं.
चव्वेचाळीस डिग्रीत कडीला नसलेली गळती दिसायला लागते,
ताप चढलेल्या माणसासारखी बरळते.
मी ती स्टीलच्या डब्यात घालून
दुपारी गच्चीवर ठेवली, शेजारी थर्मामीटर,
आणि जिन्यात बसून आकडे लिहिले, अकरा दिवस.
शेजारच्यांना वाटलं, पापड वाळवायलीय.
गाभा दोनदा बदलला.
बाराव्या दिवशी शून्य जागेवर राहिलं.

मग कारखान्यात बसवली,
आणि रोज सव्वाअकराला माग बंद.
"तुझा डबा खोटारडाय की," शेठ म्हणाले,
"तासाला किती चादरी जातात माहितंय का?"
दोन दिवस मलाही तेच वाटलं.
तिसऱ्या दिवशी मी तिथंच बसून राहिले,
माग धडधडत, कानात बोळे.

सव्वाअकराला कांडीवाली पोशव्वा
धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारते.
पाणी उतारानं सातव्या मागामागं जातं,
तिथं उंदरानं कुरतडलेली तार.
कडीनं वाचलं, अठरा मिलिअँपिअर.
तोडायचं ठरलं होतं पंधराला.

सत्तय्या जॉबर आला,
सातव्याच्या लोखंडाला हाताची पालथी बाजू टेकवायला निघाला.
"असं लावायचं, मुठीनं नाही.
आखडला तर हात सुटून येतो."
त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं,
एकदा मुठीनं लावून शिकला होता.
"आता नको काका, तोडलंय तिनं."

"सातव्याला मुंग्या येतात म्हणून
दोन वर्षं सांगायलेय मी," पोशव्वा म्हणाली.
कुणाला फारसं उद्देशून नाही.
बादली उचलून ती नळाकडं गेली.

परतताना रिक्षात हिशोब केला:
अकरा महिने, सहाशे वेढे, दोन गाभे,
आणि दोन वर्षं उशीर.
ती विचारली असती तर फुकटात सांगत होती.
तरी तार बदलली ती आकडा दिसल्यावरच.

रात्री अम्मानं कडी तळहातावर घेतली, वजन पाहिलं.
सूप मांडीवरच होतं.
"काय करते ही?"
एवढा गेला, एवढा आला, ते बघते.
"आणि बाकीचा?
कुणाच्या नावावर लिहितात?"
कुणाच्याच नाही, अम्मा. नुसतं बंद करते.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग कडी परत दिली,
कात्री घेतली,
आणि पानाच्या कडा कापायला लागली.