उणे तीन

माझ्या धंद्यात सगळे आकडे उणे.
उणे सत्तर म्हणजे उत्तम, उणे नव्वद चालतं,
उणे एकशेदहाच्या खाली माणूस
नुसतं "हॅलो, हॅलो" करतो.

दोहा, जुलै, एक्केचाळीस मजले.
मीटर घेऊन मी खोलीखोलीतून फिरतो,
भिंतीशी थांबतो, नोंद करतो, पुढे जातो.
जिप्समची भिंत फारसं खात नाही.
काँक्रीट खातं, त्यातली सळईची जाळी आणखी,
आणि सगळ्यांत अप्पलपोटी ती काच,
जिच्यावर धातूचा इतका पातळ थर
की बोटाला लागत नाही.
उन्हाला परतवायला दिलेला.
त्याला काय माहीत ऊन कुठलं नि हाक कुठली,
दोघांनाही बाहेरच्या बाहेर वाटेला लावतो.
समोरच्या गच्चीवर टॉवर दिसतो, लख्ख,
दगड मारला तर लागेल.
फोनला दिसत नाही.

उणे तीनच्या तळघरात मीटरने आकडाच दाखवला नाही.
मी त्याला मराठीत शिवी हासडली
तसे खुर्चीतले दिलावर मुकादम उठले, गुहागरकडचे,
बारा तास गाड्यांना जागा दाखवणारे.
"रेंज हवी? वायच चला माझ्यासोबत."

उताराच्या दुसऱ्या वळणावर, खांबाच्या डाव्या अंगाला,
जमिनीवर खडूची फुली.
"हितं उभं राहायचं.
फोन कानाला नाय, डोक्यावर धरायचा."

फुलीवर उभे राहूनच त्यांनी सांगितलं:
परवा चहाला वर येत होते
तर इथं तीन निरोप एकदम वाजले.
धाकटीला ताप चढलाय.
सलाईन लावलंय.
उतरला, खेळतेय.
"काळजी करायला वेळच गावला नाय,"
म्हणाले, आणि हसले.
"मग खाली जाऊन केली. सावकाश. ड्यूटी सुटेपर्यंत."

अहवालात मी तिन्ही तळघरांना अँटेना सुचवले.
लॉबी मंजूर झाली, लिफ्ट मंजूर झाल्या,
आणि मालकाचा सत्ताविसावा मजला.

उणे तीनच्या रकान्यात शून्य लिहिता येईना,
शून्य म्हणजे आमच्याकडे भलतीच मोठी रेंज.
म्हणून रेघ ओढली.
आणि नकाशात, उताराच्या दुसऱ्या वळणाशी,
खांबाच्या डावीकडे, एक फुली:
उणे एकशे सात.
आकडा खरा आहे.
मीटर डोक्यावर धरून घेतलेला.