ओल

बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत फॉर्म भरायचाय.
शाल्मलीने लॅपटॉप फ्रीजवर ठेवलाय,
वायफाय तिथेच काय ते नीट येतं,
आणि उभ्या उभ्या विचारतेय,
"बाबा, नर्सिंग की पब्लिक हेल्थ?"

मला विचारतेय.
हल नावाचं हे गाव, इथे वाऱ्याशिवाय फारसं काही हलत नाही,
आणि मी चौदा वर्षं इथल्या हॉस्पिटलात
माणसं हलवतो. एक्स-रेकडे, ऑपरेशनकडे,
कधी तळघरातल्या त्या दाराकडे
जिथून परतताना ट्रॉली हलकी लागते.

नर्सिंग, मी म्हणालो.
तीन वर्षं, तेवीसशे तास प्रत्यक्ष काम,
मग नोंदणी, तुझ्या नावाचा नंबर.
शीर सापडणाऱ्या हाताला कुठलाच देश परका नाही.
नर्सेस मला चालीवरून कळतात,
बाराव्या तासालाही ज्यांची टाच घासत नाही
तशी तू होशील.
हातात काम असलं की पोटाला घोर नाही
(हे वाक्य माझ्या बापाचं).

"आजोबा कशाने गेले?" ती म्हणाली.

इचलकरंजी. माग. भुवयांवर कापसाची पिंज,
आणि तीच आत, छातीत.
डॉक्टर लाल औषधाची बाटली द्यायचे, पुढे जांभळी.
बाटल्या बदलल्या, माग तोच.
त्या गल्लीत अजून किती जण खोकत होते
कुणी मोजलं नाही.
आम्हाला वाटायचं, खोकला आमच्या घराण्यातच आहे.

ती गप्प. मग म्हणाली, लीड्सला गेले होते ना,
तिथे मोठ्ठा नकाशा होता, दम्याचे ठिपके.
एकावर बोट ठेवून विचारलं, हे कोण?
प्रोफेसर हसल्या. म्हणाल्या, उदाहरणादाखल आहे ते.
"मला मोजायचंय, बाबा. पण मला ते कोण
हेसुद्धा हवंय."

रोहिणी कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली,
आधी नर्स हो, मास्टर्स मागाहून कर.
लाटल्याशिवाय पोळी फुगते का कुठे?
शाल्मली म्हणाली, आई, ही पोळी
अठ्ठावीस हजारांची आहे. वर्षाला पडते साधारण नऊ.
मग कुणीच काही बोललं नाही.
मी डबा घेतला आणि रात्रपाळीला निघालो.

सातव्या वॉर्डात मिस्टर ऑग्डन.
ऑक्टोबरपासून तिसऱ्यांदा.
त्यांच्या कोटाला एक वास आहे,
बंद ट्रंकेत राहिलेल्या ओल्या गोधडीसारखा.
दर वेळी तो मला येतो
आणि दर वेळी मी रग्बीचं बोलतो.

आज लिफ्टची वाट बघताना तोंडून गेलं,
तुमच्या झोपायच्या खोलीत
ओल कुठल्या भिंतीला आहे?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मास्क जरासा उचलला,
तीन बोटं दाखवली.
मग, दम खात,
"चौथीला खिडकी आहे. ती उघडत नाही."

लिफ्ट आली.
मी ब्रेक सोडायला विसरलो होतो.