कवळी

गावाचं नाव सूर. मस्कतहून निघालं की
दोन तासांनी लागतो.
मी इथे कवळ्या करतो. गुलाबी मेण, पांढरं प्लास्टर,
खिडकीबाहेर ओहोटीत कुशीवर लवंडलेली गलबतं.

रात्री एक पुस्तक वाचतो, रोमन पंडितांवरचं,
आधीचा तंत्रज्ञ विसरून गेलेला.
त्यातला एक म्हणे : शब्द कुणी ठरवले नाहीत,
तोंडाला आपसूक सुचले.
'तू' म्हणताना ओठ समोरच्याकडे जातात,
स्वतःबद्दल बोलताना श्वास घरातच राहतो.

आरशासमोर करून पाहिलं.
तू. ओठ खरंच निघाले, समोर कुणी नसताना.
मी. दार लागलं.
पटलं बुवा.

सकाळी खमीस बिन मरहून. ऐंशीच्या पुढचा,
जन्मभर गलबतं बांधली, आता तोंडात एकही दात नाही.
त्याचं 'इंता', म्हणजे तू,
हिरड्यांवरून घसरतं, माझ्यापर्यंत येत नाही.
ओठ जागचे हलत नाहीत.
म्हणजे पंडित चुकला?
की इकडचा निसर्गच वेगळा?

पुस्तकात दुसरा एक आहे, भांडखोर.
निसर्ग तरी कुठे नियम पाळतो, विचारतो,
एका झाडाची दोन पानं जुळवून दाखव.
माझी लेक फोनवर : बाबा, मी चित्र करलं.
मागून बायको : केलं म्हण, केलं.
पोरगी बिचारी नियमानेच चालली होती.

माप घट्ट होईस्तोवर खमीस टेबलावर टकटक करतो.
तोंड मोकळं होताच : साज?
साज नव्हे, साग, मी म्हणतो. आणि हे सनमायका.
तो हसतो. हात पाण्यापलीकडे, माझ्या किनाऱ्याकडे :
तिकडून यायचा. ओंडकेच्या ओंडके.

लाकडाबरोबर शब्दही उतरला असणार धक्क्यावर,
'ग' तेवढा भिजला.
मुळं शेजाऱ्याच्या वावरात शिरतात, बांध न विचारता,
हेही रोमनांनी लिहून ठेवलंय.
समुद्राखालून शिरतात का, ते पान सापडलं नाही.

गुरुवारी कवळी बसवली.
बोलून बघा, म्हटलं.
त्याने जीभ नव्या दातांमागे नेली, जपून,
गलबत पहिल्यांदा पाण्यात ढकलतात तशी,
आणि माझ्या छातीवर बोट टेकवून
इंता.

थोडी थुंकी उडाली चष्म्यावर.
मी लगेच पुसली नाही.