पाटी

ब्रिनहेलीत पाऊस पाट्यांवरूनच घसरतो.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
चॅपलमागच्या थडग्यांवरची नावंसुद्धा पाटीवर,
खोल कोरलेली, थुंकी लावून पुसता न येणारी.
गावाच्या नावाची पाटी तेवढी पत्र्याची,
काउन्सिलनं दिलेली.

डोंगर अर्धाच उरलाय.
दहा टन दगडातला एक टन विकला गेला,
नऊ टन इथंच पडून, गावाच्या उशाला,
आणि पाऊस फार झाला की रात्री
त्यातलं काहीतरी किंचित कूस बदलतं.

इडवल प्रिथर्क, वय ब्याऐंशी.
बाविसाव्या वर्षी छिन्नीच्या एका ठोक्यात
वही उघडावी तशी दगडाची पानं सोडवायचा.
मापांना नावं होती: डचेस, काउंटेस, लेडी.
रोज चारशे काउंटेस या हातांखालून गेल्या,
एकीनंही कधी चहा विचारला नाही, असं म्हणतो
आणि मग खोकतो.
खोकला त्याच्या बापाचा. घराबरोबर आला.

खाण बंद झाली एकोणसत्तरला.
भोंगा कुणीतरी भंगाराच्या भावात नेला.
पुढं वर्षभर सकाळी सातला कुत्री
उगाच वर बघायची.

या शुक्रवारी शाळाही.
पट दोनवर आलेला: नॉन आणि तिचा भाऊ ग्वियोन,
त्यातला ग्वियोन कांजिण्यांनी घरी.
बाईंनी इडवलला बोलावलं, छिन्नी घेऊन.
त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली,
दगड मांडीला टेकवला, कान लावून ऐकला,
"झोपलाय अजून," वेल्शमध्ये पुटपुटला,
आणि ठोका दिला.

एक पान सुटलं. जांभळट, आतून कोरडं,
पन्नास कोटी वर्षांत पहिल्यांदाच उजेडात.
बाईंचे डोळे भरले. वार्ताहरानं कॅमेरा उचलला.
सगळ्यांना वाटलं, नॉन आता लिहील काहीतरी,
गावाचं नाव, निदान स्वतःचं.

नॉननं पाटी दोन्ही हातांवर तोलली,
कडेवरून अंगठा फिरवला,
"घरी नेऊ?"

संध्याकाळी ती सशाच्या खुराड्यावर होती.
वाऱ्यानं झाकण उघडायचं, कोल्हा यायचा.
आता नाही उघडणार.
इडवल परतताना कुंपणाशी थांबला,
बराच वेळ बघितलं.
"जागा बरोबर आहे," म्हणाला,
"जरा उतार दे फक्त. पाणी साचेल."