बाह्या

पुन्ता अरेनासमध्ये वारा असा की
चौकाचौकांत दोर बांधलेले असतात, माणसांनी धरून चालायला.
तसला एक दोर धरत, पोराला कोटात कोंबून
निएवेस बार्रिया पहाटे चारला आली.
हातांना खेकड्यांच्या कारखान्याचा वास.

कोट उघडला, आणि मी दिवा जवळ ओढला.

चौदा महिन्यांचा एलॉय.
गालांवर, कानांच्या पाळ्यांवर, पोटऱ्यांवर
जांभळी वर्तुळं, वर्तुळात वर्तुळ,
खडकावर दगडफूल चढत जातं तशी, कडेकडेनं.
पंजे पावासारखे फुगलेले.
आणि तो हसत होता.
माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढून चघळत होता.

"वाटलं, कलाफातेची फळं खाल्ली कुठं झुडपातली," ती म्हणाली,
"त्यांनी तोंड असंच रंगतं.
ओलं फडकं घेऊन पुसत बसले.
पुसलं जाईना."

ताप नव्हता.
मी पट्टी लावून डाग मोजले, मिलिमीटरमध्ये.
फॉर्मवर एक रकाना होता, म्हणून विचारलं,
घरात कोण कोण असतं?
नवरा बोटीवर, तीन आठवडे झाले.
मग तू एकटीच?
एकटीच.
मी लिहिलं: एकटीच.
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

आठ वाजता डॉक्टर ओयार्सुन आले, चष्मा कपाळावर.
पोराच्या पोटाला गुदगुल्या केल्या, हसू ऐकलं,
म्हणाले, "दिसायला भयंकर आणि पेशंट मजेत,
हीच याची खूण.
मागच्या आठवड्यात सर्दी होती ना?
बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात. तीस वर्षांत हा दुसरा.
औषध नाही. वाट बघा."

जांभळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं
जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं,
बाराव्या दिवशी नुसती कातडी.
फाइलीत माझा कागद राहिला.
त्यावर कुणीतरी शिक्का मारला: रद्द.
शिक्क्याखालचं अक्षर वाचता येतं.

एलॉय आता तीन वर्षांचा.
लसीला येतो, खोकल्याला येतो,
परवा नाकात वाटाणा घालून आला.
वाटाणा नाकात,
तरी निएवेस आधी त्याला दिव्याखाली उभं करते,
बाह्या कोपरापर्यंत वर,
विजार गुडघ्यापर्यंत,
कानांवरचे केस बाजूला,
मी काही विचारायच्या आत.

भांडायला उठलेली बाई स्वतःच्या बाह्या सरसावते.
ही पोराच्या सरसावते, आणि गप्प उभी राहते.
मी बघते. बघावंच लागतं.
मग चिमटा घेऊन
वाटाणा काढते.