वस्तुचित्र

टेबलावर तांब्या, एक वीट, दोन कांदे,
मागे निळा पडदा, त्याला चार चुण्या.
वेळ अडीच तास.

दर वर्षी हेच. कधी कांद्याऐवजी वांगं.
दादरच्या शाळेच्या सभागृहात
पंख्याने उडू नयेत म्हणून गठ्ठ्यांवर डस्टर ठेवून
आम्ही अकरा चित्रकला शिक्षक तपासतो
तांबे, तांबे, तांबे.
उजवीकडे सावली, डावीकडे चकाकी,
चकाकीत खिडकीचे चार चौकोन,
त्या वर्गाला खिडकी असो वा नसो.
क्लासवाले शिकवतात तसं.
खरं सांगायचं तर मीही शिकवतो.
भांडुपच्या माझ्या शाळेचा निकाल शंभर टक्के.

चहा आला तेव्हा हातात होता
आसन क्रमांक दोन हजार एकशे सतरा.

कागदभर काळं.
शाई सांडलेली नाही, उजेडात धरून पाहिलं.
काळ्याच्या आत करडं, करड्याच्या आत तपकिरी,
ठोक्यांच्या खुणा एकीला लागून एक
खाली खाली उतरत गेलेल्या,
आणि अगदी वर, कागदाच्या कडेला टेकून
उजेडाचं एक वाटोळं भोक.
त्यात कांद्याचा शेंडा, डोकावणारा.

तांब्या आतून काढला होता.

कोण असेल?
क्रमांकाला चेहरा नसतो.
तांबाकाट्याला राहत असेल, घरात पिढ्यान्‌पिढ्या हातोडी,
बसायला शिकायच्या आधी भांड्यात बसवलेलं पोर.
किंवा असेल विसाव्या मजल्यावरची एखादी,
जिला त्या दिवशी नुसता कंटाळा आला.
परीक्षेत कंटाळा येऊ देणं
हेही काही लहान काम नाही.

फणसळकर मॉडरेटर. चष्मा कपाळावर.
"वीट कुठंय?" म्हणाले.
"चुण्या कुठं गेल्या? हात आहे पोराला,
पण विचारलंय ते काढलेलं नाही.
हे 'क'मध्येसुद्धा बसत नाही."
माणूस वाईट नाहीत फणसळकर.
त्यांनी कधीकाळी शिसवीत कोरलेला रेडा
मी पाहिलाय, एकच शिंग झालेला.
आता त्यांच्या गॅलरीत त्याच्यावर तुळशीची कुंडी असते.

आणि मी?
चौथ्या वर्षाला, ज्यूरीच्या आदल्या रात्री,
सहा फुटी कॅनव्हासवरचं बंदर, क्रेन, सूर्य
पॅलेट नाईफने अर्धं खरवडून काढलं होतं.
खालून जे निघालं
त्याला नाव नव्हतं, पण ते माझं होतं.
बेहरेबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या,
"थांब इथेच. आता हात लावू नकोस."
त्या गेल्या.
पहाटे तीनपर्यंत मी क्रेन परत काढली.
पहिला वर्ग मिळाला.
क्रेन एका बँकेने विकत घेतली, फोर्टातल्या.
खालचं जे होतं तेही बँकेतच आहे,
क्रेनच्या मागे.
बाईंनी मला काही विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

आज माझ्यासमोर श्रेणीचा चौकोन,
नखाएवढा.
त्यात एक अक्षर मावतं.
छप्पन्नाव्या वर्षी माझ्या वाट्याला आलेला
सगळ्यात मोठा कॅनव्हास.

'अ' लिहिला. पेनाने.

फणसळकरांनी सही केली नाही,
खोडलंही नाही,
गठ्ठा तसाच पुढे ढकलला,
आणि चहा गार झाला म्हणाले.
वरच्या कचेरीत कोणी बदलेलही.
मला कळणार नाही.
दोन हजार एकशे सतरालाही कळणार नाही
की कुणी तिच्यासाठी, त्याच्यासाठी भांडलं.
भांडलो कुठे? नुसतं लिहिलं.

रात्री ओट्यावरचा तांब्या घेऊन बसलो.
कागद, सहा बी पेन्सिल.
हात आपोआप डावीकडे गेला,
चकाकीला जागा सोडायला.
चार चौकोन.
मग पेन्सिल ठेवली, तांब्या उचलला,
डोळा लावला. नाकाला गार लागलं.
आत पाणी, पाण्यात ट्यूबलाइट,
त्याच्याखाली मला न दिसणारं काहीतरी,
आणि दिवा घालवून बघावं असं ठरवतोय
तोवर बायको म्हणाली,
"प्यायचं नसेल तर इकडे द्या."