फलाट क्रमांक चार

परभणीच्या बसस्टँडवर एकोणतीस वर्षं
मी गाड्यांची नावं घेतली.
पाथरी. मानवत. सेलू. गंगाखेड.
मे महिन्यात माईकची जाळी ओठाला चटका द्यायची,
रुमाल गुंडाळून बोलायचे,
म्हणून आवाज जरा लांबून, मायेनं आल्यासारखा वाटायचा.

तो कुणीतरी मोबाइलवर धरला, पुण्याला पाठवला.
निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात फोन:
बाई, एक व्हिडिओ गेम मराठीत आणतोय.
त्यात एक कंपनी आहे. तिचा आवाज व्हाल का?

कंपनी कसली, तर हवा विकणारी.
कुठल्याशा चंद्रावर माणसं खाणीत उतरलेली,
छातीवर मीटर,
मेलेल्याचं थकलेलं बिल लेकराच्या नावावर.
मूळ नाव जिभेला लागेना,
भाषांतर करणाऱ्या पोरानं लिहिलं: महामंडळ.
अरे, म्हटलं, महामंडळाच्या फंडातून स्लॅब पडला माझ्या घरावर.
आमच्या गाडीला काच नसायची,
पण ती टाकळीच्या शेवटच्या लिंबापर्यंत जायची.
तो हसला. शब्द तसाच राहिला.

वसमत रोडला अफसरभाईचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ,
भिंतींना गोधड्या ठोकलेल्या.
कानात पुण्याचा माणूस सांगत होता,
राग नको बाई, दरारा तर नकोच.
गाडी उशिरा आहे हे जसं सांगायच्या, तसं.

तसं सांगितलं.

रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
स्तर नऊवरील हवा सायंकाळी सहा वाजता बंद करण्यात येईल.
लहान मुलांनी खेळणे टाळावे, श्वास जास्त लागतो.
होणाऱ्या गैरसोयीबद्दल महामंडळ दिलगीर आहे.

काचेपलीकडं अफसरभाईनं हेडफोन काढून ठेवला.
आपा, चाय मागवतो, म्हणाला,
अन् चहा येईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

तीन भाग केले. कागदावर सही केली, वाचली नाही.
फ्रिज घेतला.
चौथ्या भागाला त्यांनी बोलावलंच नाही.

खंदाऱ्यांचा सुमेध जिन्यात भेटला:
बाई, नव्या भागात तुम्ही लै बोलल्यात!

नानलपेठेत, झेरॉक्सच्या वर, ती पोरांची अंधारी खोली.
कुरकुऱ्यांचा वास, सहा पडदे,
आणि सहाही पडद्यांत मी.
विधवांनी खिडकी क्रमांक दोनवर यावे,
शिल्लक श्वासांचा हिशेब मिळेल.

हे मी म्हटलेलं नाही.
'क्रमांक'मधला दाब माझा. 'हिशेब'चा उतार माझा.
पण मी वाक्याआधी आवंढा गिळते,
एकोणतीस वर्षं गिळला.
ती गिळत नव्हती.
तिच्या तोंडात थुंकीच नव्हती.

पत्र लिहिलं. उत्तर आलं दोन ओळींचं:
आपले म्हणणे नोंदवले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
वाचताना आपोआप माझाच आवाज लागला.

थांबा की, सुमेध म्हणाला, एक गंमत दाखवतो.
त्यानं जुना, दुसरा भाग लावला.
पंपघराच्या मागं, जिथं कुणाचं काहीच काम नसतं,
तिथं एक फुटका भोंगा.
त्याच्याखाली उभं राहिलं की खरखर,
मग एक आवंढा,
मग मी, पहिल्या दिवशीची, माईक चालतो का बघताना:

जिंतूर, औंढा मार्गे हिंगोलीला जाणारी गाडी
फलाट क्रमांक चारवर लागत आहे.

पुसायचं राहून गेलं असंल कुणाचं.
इथं गोळी लागत नाही बाई, सुमेध सांगत होता,
मीटर बी थांबतं, कामून ते कुणाला कळंना.
जेवायला जाताना आम्ही माणूस इथंच उभा करून जातो.

पडद्यावर चिलखतातला तो खाणकामगार,
बंदूक खाली टाकलेली,
समोर काळं आभाळ, रस्ता नाही.
आजूबाजूला अजून चारपाच तसेच उभे,
कुठल्या गावची पोरं असतील कोण जाणे.

किती वाजताची होती गाडी?
सव्वापाचची, मी म्हणाले.
साडेपाच धर.